हत्यार कोणाचे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कंत्राटी कामगारांविषयी किंवा किमान वेतनाविषयी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. तो माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. मी मात्र आज बोलणार आहे वडिलांच्या दुकानातील एका जुन्या संगणकाविषयी. हा विषय एखाद्या अभियंत्याने घ्यावा, असे कोणी म्हणेल तर ते चूक नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यानंतर एमआयडीसीतील एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो, आणि पुढे जे काही शिकलो ते कामगारांच्या बैठकांत व वाचनालयाच्या बाकावर. संगणकही तसाच, गरज पडली म्हणून शिकलो. माझ्या बोलण्यात तज्ज्ञाची सफाई नसेल. पण या संगणकापायी मला माझ्याच धंद्यातील एक धडा पुन्हा गिरवावा लागला, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल असे वाटते. या सभागृहात दुकानदार आहेत, शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या भगिनी आहेत, लहान वर्कशॉपवाले आहेत, आणि त्यांची मुलेही आहेत. बहुतेकांच्या गल्ल्याजवळ एक संगणक आहे, आणि तो आता निकामी झाला असे कोणीतरी येऊन सांगत आहे.

छापखान्यातील दोन संगणक

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांचे वय आज ऐंशीच्या घरात आहे. चौदाव्या वर्षी ते एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. पुढे हप्त्याने एक ट्रेडल यंत्र घेऊन नगरातल्याच एका बोळात त्यांनी स्वतःचा लहानसा छापखाना काढला. बिलबुके, पावतीपुस्तके, हस्तपत्रके, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, अशी फुटकळ कामे ते करीत आले. खिळ्यांचे दिवस गेले, ट्रेडल भंगारात गेले, आणि त्यांच्या जागी दोन संगणक आले. मागच्या खोलीतील संगणकावर एक तरुण कारागीर पत्रिकांची मांडणी करतो. पुढे, गल्ल्याजवळच्या संगणकावर आप्पा स्वतः बसतात. बिले करतात, कोटेशनची पत्रे लिहितात, उधारी मांडतात, आणि जीएसटीचे आकडे काढून हिशेबनिसाकडे पाठवतात. आजची गोष्ट आहे ती या पुढच्या संगणकाची.

तो २०१६ साली घेतलेला. ज्याने जोडून दिला त्याने त्यात विंडोज १० घालून दिले. त्याचा परवाना घेतला होता की नाही हे आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. बाजारात सर्रास असेच चालते. पुढे बातमी आली की, विंडोज १० साठी मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार. त्या दिवशी यंत्र बंद पडते असे नाही. पण त्यानंतर सापडणारी भोके बुजवली जात नाहीत, आणि ज्या संगणकावरून बँकेचे व कराचे व्यवहार होतात त्याला हे परवडत नाही. विंडोज ११ घालावे, तर त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या काळातील प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात ते नव्हते. दुरुस्तीवाला म्हणाला, “आप्पा, हे आता टाकून द्या.” आप्पांनी त्याला विचारले, “अरे, यंत्र तर चालतंय. मग ते म्हातारं झालं हे ठरवलं कोणी?”

हा प्रश्न मला सोडीना. कारखान्यातील कामगाराला निवृत्त करावयाचे तर त्यालाही नियम आहेत, नोटीस आहे, दाद मागण्याची जागा आहे. पदरचे पैसे देऊन घेतलेले, चांगले चालणारे यंत्र मात्र दुसऱ्याच्या एका घोषणेने निवृत्त होते. मग ते यंत्र आपले कसे?

मी केलेली चूक

उत्तर शोधता शोधता मी लिनक्सपाशी आलो. ते काय आहे हे सांगण्यापूर्वी मी केलेली चूक सांगितली पाहिजे; कारण तिच्यातच आजच्या विषयाचा अर्धा भाग आहे.

२०२४ सालच्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. एका रविवारी आप्पा लग्नाला गेले होते. आमच्या संघटनेतील एका हुशार पोराला मी घेऊन आलो आणि आम्ही दोघांनी मिळून संगणक धुऊनपुसून त्यावर लिनक्स बसवले. आप्पा आले की चकित होतील, असा माझा मनसुबा होता. सोमवारी सकाळी आप्पा गल्ल्यावर बसले. बिलाचा नमुना जागेवर नाही, प्रिंटर ऐकत नाही, मराठी उमटत नाही. दोन गिऱ्हाइके ताटकळून परत गेली. आप्पा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी खणातून स्वतःच छापलेले एक बिलबुक काढले, कार्बन घातला आणि आठ दिवस हाताने बिले लिहिली.

त्याहून वाईट पुढे कळले. फाइलींची नक्कल काढताना आमच्याकडून एक फोल्डर राहून गेले होते, आणि त्यात तीन वर्षांची उधारी होती. ती आप्पांनी जुन्या स्थळप्रती चाळून आणि आठवणीने पुन्हा उभी केली. काही रकमा कायमच्या गेल्या.

मित्रहो, कारखान्यात नवे यंत्र कामगारांना न विचारता आणले तर मी स्वतः फाटकावर उभा राहून घोषणा देतो. व्यवस्थापक म्हणतो, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. मी म्हणतो, आमचे भले आम्हाला विचारून करा. आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत मी त्या व्यवस्थापकाहून निराळे काय केले? आम्ही जुनी व्यवस्था परत बसवली. आप्पांनी एवढेच म्हटले, “पुन्हा करायचं असेल तर मी समोर असताना कर.”

लिनक्स म्हणजे काय?

आता विषयाकडे वळतो. संगणकाचे अंग म्हणजे लोखंड, प्लास्टिक आणि वाळूपासून केलेल्या चकत्या. त्यावर आपण जी कामे करतो, म्हणजे पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, त्यांच्यासाठी निरनिराळ्या आज्ञावल्या असतात. या दोहोंच्या मध्ये एक मुकादम लागतो. कोणत्या कामाला किती स्मरण द्यावयाचे, कागद आधी कोणाला, कळफलकावर दाबलेले अक्षर कोणाकडे पोचवावयाचे, हे सर्व तो पाहतो. या मुकादमाला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली, लिनक्स ही दुसरी. ती काही कोपऱ्यातील वस्तू नव्हे. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच्या सर्व लिनक्सवर चालतात.

तिचा जन्म मोठा बोधप्रद आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक आज्ञावलीकार होते. तेथील छपाईयंत्रात कागद अडके आणि लोक आपल्या जागी ताटकळत बसत. कागद अडकला की सर्वांना सूचना जावी, अशी दुरुस्ती स्टॉलमन यांना करावयाची होती. त्यासाठी त्या यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हवा होता. तो त्यांना नाकारण्यात आला. छापखान्यातल्या माणसाला ही गोष्ट सांगितली की ती लगेच कळते: यंत्र समोर आहे, बिघाड दिसतो आहे, हातात कसब आहे, आणि झाकण मात्र उघडावयाचे नाही! १९८३ साली स्टॉलमन यांनी जाहीर केले की, जिचे झाकण कोणालाही उघडता येईल अशी संपूर्ण कार्यप्रणाली आपण तयार करू. तिचे नाव ग्नू. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेने एक गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. ग्नूची अवजारे आणि हा गाभा एकत्र आले, आणि आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते उभे राहिले.

या मंडळींनी एक करारनामाही तयार केला. त्याला जीपीएल म्हणतात. मी आयुष्यभर करारनामे वाचत आलो आहे, म्हणून हाही लक्ष देऊन वाचला. त्याच्या पाठीशी चार हक्क आहेत. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवण्याचा हक्क. ती उघडून अभ्यासण्याचा हक्क. तिच्या प्रती इतरांना देण्याचा हक्क. आणि ती सुधारून सुधारलेली प्रतही देण्याचा हक्क. आणि एक अट: सुधारलेली प्रत जो दुसऱ्याला देईल, त्याने तिची मूळ संहिताही त्याच हक्कांसह दिली पाहिजे. म्हणजे जे सर्वांचे आहे ते कोणी एकाने कुलपात घालावयाचे नाही. युनियनच्या करारात मिळवलेला हक्क पुढच्या कामगारालाही लागू राहतो, तसेच हे कलम आहे.

इंग्रजीत मोफत आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांना फरक समजावून सांगावा लागतो. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, हे आपले भाग्य. लिनक्स बहुधा मोफत मिळते, ही सोय आहे; ते मुक्त आहे, हे त्याचे मोल आहे.

आपल्या जिल्ह्याला ही रीत परकी वाटू नये. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आपल्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या प्रती हातोहात उतरून घेतल्या गेल्या; कोणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता. उतरवताना चुका शिरल्या, पाठ बिघडले. तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि तो पुन्हा लोकांच्या हाती दिला. ग्रंथ खुला होता म्हणून तो पसरला, आणि खुला होता म्हणूनच दुरुस्तही झाला.

सगळे गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आज लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक लोक मोठमोठ्या कंपन्यांचे पगारदार आहेत. त्या कंपन्या धर्मादाय म्हणून हे करीत नाहीत. त्यांनाही हे यंत्र लागते म्हणून करतात. फरक एवढाच की, करारनाम्यामुळे त्यांच्या कामाचा वाटा आप्पांच्या गल्ल्यापर्यंत येऊन पोचतो.

खिळे आणि कुलूप

मालकीची गोष्ट निघालीच आहे, तर थोडे खिळ्यांविषयी. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचे देवनागरी खिळे नावाजले गेले. छापखानेवाला असे खिळे विकत घेई, आणि ते त्याचे होत. त्यांनी पोथी छापा नाहीतर जाहिरात छापा. विकणारा विचारावयास येत नसे. झिजले की शिशाच्या भावाने परत वजनावर जात. बारा बलुतेदारांतल्या सुताराचा वाकस त्याचा स्वतःचा असे, तसे आप्पांचे खिळे त्यांचे होते.

संगणक आला आणि हे बदलले. सुरुवातीच्या मराठी फॉण्टांचे संकेत ज्याचे त्याने ठरवलेले असत. एका फॉण्टात लिहिलेला मजकूर तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसे. आप्पांची वीस वर्षांची पत्रे आणि अहवाल अशाच एका संकेतात होते. म्हणजे मजकूर आप्पांचा, पण किल्ली दुसऱ्याकडे. यावर उपाय आहे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ चीच, आणि देवनागरी तीत पहिल्यापासून आहे. प्रत्येक अक्षराला साऱ्या जगात एकच क्रमांक. मग यंत्र कोणतेही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो.

किल्ली दुसऱ्याकडे असणे म्हणजे काय, हे मोठ्यांनाही अनुभवावे लागते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील मोठ्या तेलकंपनीच्या ईमेल व अन्य सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी कंपनी वकील उभा करू शकते. बोळातला छापखानेवाला कोणाकडे जाणार?

दुसऱ्यांदा, विचारून

आषाढी एकादशीपासून लग्ने थांबतात, हे छापखान्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. लग्नसराईत, दिवाळीत किंवा मार्चअखेरीस गल्ल्यावरची व्यवस्था बदलू नये. म्हणून २०२५ सालच्या आषाढी एकादशीनंतर आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी जे केले ते क्रमाने सांगतो.

पहिले, कामाची यादी. आठ दिवस मी संध्याकाळी आप्पांच्या शेजारी वही घेऊन बसलो आणि ते दिवसभरात संगणकावर काय काय करतात ते लिहून काढले. पंधरा बाबी निघाल्या. त्यांतील बहुतेक ब्राउझरमध्ये होणाऱ्या होत्या किंवा पत्र आणि तक्ता या दोन प्रकारांत बसणाऱ्या होत्या. जीएसटीचे विवरणपत्र ब्राउझरमधूनच भरता येते, आणि एका मालकाच्या धंद्याला मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक आकड्याने त्यावर सही करता येते. हिशेबाचे मोठे पॅकेज हिशेबनिसाच्या कार्यालयात त्याच्याच संगणकावर आहे. त्याला आप्पांकडून लागतो तो विक्रीचा तक्ता. हे वहीत उतरले तेव्हा निम्मी भीती गेली.

दुसरे, मुकादम बदलण्यापूर्वी अवजारे बदलली. लिब्रेऑफिस हे पत्रे व तक्ते करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आणि फायरफॉक्स हा ब्राउझर विंडोजवरही चालतात. ती आम्ही आधी जुन्या व्यवस्थेवरच बसवली. महिनाभर आप्पांनी त्यांवर काम केले. बिलाचा नमुना त्यांनी स्वतः आखला. मी आखलेला त्यांना पसंत पडला नाही, समास चुकला होता म्हणाले. पुढे खालची व्यवस्था बदलली तेव्हा वरची अवजारे तीच राहिली, म्हणून हात अडखळला नाही.

तिसरे, नकला. सर्व फाइलींच्या दोन नकला दोन वेगळ्या डिस्कांवर काढल्या. एक दुकानात, एक माझ्या घरी. आणि नक्कल काढली म्हणजे झाले असे न समजता, यादी समोर धरून आप्पांनी प्रत्येक फोल्डर उघडून पाहिले. उधारीचे आधी.

चौथे, जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणे. त्यासाठी आज्ञावल्या मिळतात, पण त्या चुका करतात. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरे फुटतात. हे काम कोण तपासणार, हा प्रश्न मला पडला होता. आप्पांनी तो मजकूर कागदावर काढायला सांगितला, लाल पेन्सिल घेतली आणि चष्मा पुसून प्रूफे वाचायला बसले. साठ वर्षांची नजर! तीन आठवडे रोज दुपारी ते वाचत होते. कोणत्या चुका ठरावीक आहेत हे त्यांनीच शोधून दिले, आणि मग त्या एकदम दुरुस्त करता आल्या. माझ्या मते या दिवसांत काम माझ्या हातून त्यांच्या हाती गेले. आधी ते माझे विद्यार्थी होते. आता मी त्यांचा मदतनीस झालो.

पाचवे, आधी चाखून पाहणे. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. संगणकाच्या डिस्कला हातही लावावा लागत नाही. आम्ही लिनक्स मिंट निवडले. ते २००६ पासून आहे, आणि त्याची मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला परकी वाटत नाही. उबुंटू, डेबियन अशी दुसरीही आहेत. कोणते श्रेष्ठ, यावर जाणते लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा सल्ला एवढाच की, जे आपल्या गावातील कोणाला तरी येते ते घ्यावे. पेनड्राइव्हवरून चालवताच कळले की इंटरनेट ठीक आहे, स्कॅनर ठीक आहे, पण प्रिंटर रुसला आहे. काही स्वस्त प्रिंटरांची आज्ञावली त्यांच्या निर्मात्यांनी लिनक्ससाठी नीट दिलेली नसते. तो प्रिंटर मागच्या खोलीत गेला आणि मागचा पुढे आला. दिवाळीच्या आधी जे गिऱ्हाइकांसमोर कळले होते, ते या वेळी गिऱ्हाइके नसताना कळले.

सहावे, कळफलक. लिनक्समध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक तयार असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. एका कळीवर ‘क’ आणि शिफ्टसह त्याच कळीवर ‘ख’. या वयात त्यांना हे जमेल का, अशी मला शंका होती. आप्पा म्हणाले, “केसमधली घरं पाठ केलीच होती की. ही तर त्याहून कमी आहेत.” पंधरा दिवसांत बोटे बसली.

या सर्व काळात मी एक नियम पाळला: माउस मी हातात घेतला नाही. ‘थांबा, मी करून देतो’ हे वाक्य फार मायेचे वाटते. पण ते माणसाला स्वतःच्या दुकानात पाहुणा करून टाकते. आप्पांनी प्रत्येक कृती स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिली. ती वही आज गल्ल्याजवळ खिळ्याला टांगलेली आहे. ज्यांना असे शिकवणारे घरी कोणी नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे छोटे छोटे पाठ केले आहेत. ते मराठीतही ऐकावयास मिळतात आणि विनामूल्य आहेत.

जे जमले नाही ते

मागच्या खोलीतील संगणक आम्ही बदलला नाही. लग्नपत्रिकांच्या मांडणीचे तेथील सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, आणि कारागिराचा हात त्यावर बसलेला आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये इंकस्केप, स्क्रायबस अशी साधने आहेत. तो ती शिकतो आहे. पण त्याची रोजी त्या जुन्या साधनावर आहे, तोवर माझ्या तत्त्वासाठी त्याचा वेग कमी करण्याचा मला अधिकार नाही. तो संगणक आम्ही इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे, एवढेच. तसेच एक्सेलच्या मॅक्रोंवर आधारलेले काही सरकारी नमुने लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडत नाहीत. ते हिशेबनीस त्याच्याकडे भरतो. लिनक्स घेतले म्हणजे दक्षता सुटली असेही नाही. दुरुस्त्या वेळेवर घ्याव्याच लागतात, आणि फोनवर गोड बोलून बँकेचा आकडा विचारणाऱ्या भामट्यापासून कोणतीही कार्यप्रणाली वाचवीत नाही.

परदेशातील एक उदाहरण सांगतो. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे जाण्याचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. पण २०१७ साली तेथील नगरसभेने परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होते, व्यवस्थापनातील गोंधळ होता, आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. उलट आपल्या केरळ राज्यात सरकारी शाळांतील शिक्षकांना आधी शिकवले गेले, पुस्तके त्या भाषेत आली, आणि तेथे मुक्त सॉफ्टवेअर रुजले. यंत्र दोन्हीकडे सारखेच चांगले होते. ज्याच्या हातात ते द्यावयाचे त्याची तयारी किती केली, यावर पुष्कळसे अवलंबून राहिले.

एक आक्षेप मला माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला: “फुकट सॉफ्टवेअर वापरायचे म्हणजे ते लिहिणाऱ्याच्या श्रमाचे काय?” प्रश्न योग्य आहे. चोरून बसवलेल्या विंडोजवर मात्र हा प्रश्न कोणी विचारत नव्हता! मुक्त सॉफ्टवेअरसाठी देणगी देता येते, ती द्यावी. आणि बसवून देणाऱ्या, शिकवणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या गावातल्या मुलाला त्याच्या कामाचा मोबदला द्यावा. आम्ही संगणकात एक नवी एसएसडी डिस्क आणि थोडी मेमरी घातली, त्या पोराला त्याची मजुरी दिली. नव्या यंत्राच्या मानाने हा खर्च थोडका होता, आणि मजुरी नगरातच राहिली.

समारोप

तात्पर्य काय? लहान धंदेवाल्याने आपली हत्यारे ओळखावीत. कोणते आपले आहे, कोणते भाड्याचे आहे आणि कोणाची किल्ली कोणाकडे आहे, हे त्याने एकदा कागदावर मांडावे. आपल्या जिल्ह्याला ही शिकवण नवी नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी, लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यामागे हाच प्रश्न होता: ऊस आमचा, मग चरक कोणाचा?

आणि घरातील तरुणांना माझे दुसरे सांगणे आहे. आपल्या आईवडिलांना नवे यंत्र देताना त्यांच्या जुन्या कसबाला कमी लेखू नका. त्यांना विचारा, त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्या सवडीने चला. मालकीचा हक्क सांगणारे यंत्र जर त्यांच्यावर लादले, तर आपण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतो.

गेल्या महिन्यात शेजारचा कापडदुकानदार आप्पांकडे आला. त्याचाही संगणक टाकून द्या असे त्याला सांगण्यात आले होते. त्याने माझा फोन नंबर मागितला. आप्पा म्हणाले, “त्याला कशाला विचारतोस? तो मीटिंगला गेलाय. आधी वही घे आणि तू दिवसभर काय काय करतोस ते लिहून काढ.” हे मला दुसऱ्या दिवशी त्या दुकानदाराकडूनच कळले.